त्र्याण्णवचे पंच्याऐंशी

धुळे
३१ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
धाकट्या प्रशीलचा सप्रेम जयभीम.

पत्र लिहिण्यास कारण की, फोनवर तू माझं म्हणणं ऐकून घेत नाहीस. शिवाय डायलिसिसच्या खुर्चीत चार तास एक हात अडकलेला आणि दुसरा रिकामा असतो, तर पत्रच लिहीत जा, निदान वाचायला काही तरी होईल, असं तूच बजावलंस. तर घे.

नाशिकच्या डॉक्टरांचं तुला माहीतच आहे. माझं मूत्रपिंड तुला जुळतं, बाकी तपासण्या ठीक, पण देणाऱ्याचं वजन पंच्याऐंशीच्या आत हवं आणि माझं त्र्याण्णव. अठरा ऑगस्टला पुन्हा काट्यावर उभं करणार आहेत. परत येताना गाडीतच मी मोबाइलवर कॅलरी मोजायचं अ‍ॅप घेतलं. वय, उंची, वजन भरलं. कामाचं स्वरूप विचारलं तिथे 'मध्यम कष्टाचे' टाकलं, कारण स्टँडवर आठ तास गाड्या लावणं हे काही आरामाचं काम नाही. त्याने सांगितलं की रोज बावीसशे सहासष्ट कॅलरी खा, वजन उतरेल. पंधरा दिवस मी तेवढंच खाल्लं, एक शेंगदाणा जास्त नाही. आज वजन केलं तर त्र्याण्णव किलो तीनशे. अ‍ॅप आणि काटा, दोघांपैकी खोटं कोण बोलतं ते तू ठरव.

शिल्पा जयभीम सांगते. मृणालीची दहावीची परीक्षा तोंडावर आली आहे, त्यामुळे घरात टीव्ही बंद. मला तेवढीच एक करमणूक होती.

लोभ असावा, राग या खेपेला जरा बेताचा असावा.

तुझा
प्रशील


जळगाव
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

चि. प्रशील यास,
अक्काचा जयभीम आणि जमतील तेवढे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना शेजारच्या खुर्चीतल्या तानुबाईंनी मला विचारलं की बाई, हसताय की कुठे दुखतंय. मी सांगितलं की दोन्ही.

अरे दिवट्या, अ‍ॅप खोटं बोललं नाही आणि काटाही नाही. खोटं तू बोललास. म्हणे मध्यम कष्ट! काचेच्या खोलीत डोक्यावर पंखा घेऊन बसायचं आणि माइकमध्ये 'दोंडाईचा गाडी लागेल शे' म्हणून ओरडायचं, याला कष्ट म्हणतात होय? गाडी ड्रायव्हर लावतो, बोचकी हमाल उचलतो. तू फक्त तोंड चालवतोस. ते तू ड्यूटीवर चालवतोस आणि मधल्या सुट्टीत डब्यावर चालवतोस. घसा बसला म्हणून चरबी जळत नसते.

आता नीट बघ. एकतीस वर्षं मी सातवीला गणित शिकवलं, तेव्हा तुला सातवीचं झेपेल असं धरून चालते. तुझ्या वजनाला दहाने गुण, नऊशे तीस. उंची एकशे एकोणसत्तर, तिला सव्वासहाने गुण, एक हजार छप्पन्न. बेरीज कर. त्यातून वयाची पाचपट, म्हणजे दोनशे पंचेचाळीस, वजा कर आणि वर पाच मिळव. सतराशे शेहेचाळीस. दिवसभर नुसता लोळत पडलास तरी शरीर एवढं जाळतं. याला कामाचा गुणक लावायचा. मध्यम कष्टाचा दीडच्या वर असतो, तो तू बिनदिक्कत घेतलास. बसून पगार घेणाऱ्याचा एक पूर्णांक दोन. म्हणजे झाले दोन हजार पंच्याण्णव. एवढं खाल्लंस तर आहेस तिथेच राहशील. तू त्याच्याही वर खाल्लंस, उपाशी असल्याचा चेहरा केलास आणि तीनशे ग्रॅम वाढवून दाखवलेस. शाबास.

एक किलो चरबी म्हणजे सात हजार सातशे कॅलरी. आठ किलोंच्या एकसष्ट हजार सहाशे. वीस आठवड्यांत घालवायच्या तर रोज चारशे चाळीस कमी खायच्या. उरल्या सोळाशे पंचावन्न, तू साडेसोळाशे धर. वीस आठवडे जूनअखेर संपतात. पुढचे सात मी तुझ्या स्वभावासाठी राखून ठेवलेत.

अ‍ॅपमधल्या भाकरीवर जाऊ नकोस. ती कुठल्या तरी नाजूक बाईने तळहाताएवढी थापलेली असते. आपली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ताट झाकते. पीठ स्वतः तोलून काढ आणि शंभर ग्रॅमला साडेतीनशे धर. तेल चमच्याने मोज. तुझ्या ऑफिसातला चुडामण वजन उतरवायची पावडर विकतो म्हणे. ती घेण्याआधी त्याचं पोट एकदा बघून घे. आणि आहारतज्ज्ञांच्या नादी लागू नकोस. इथे एक येतात, त्यांनी परवा मला क्विनोआ खायला सांगितला. जळगावात बसून, ज्वारी सोडून! मी त्यांना विचारलं की तो कुठल्या शेतात पिकतो, तर त्या पुढच्या खुर्चीकडे गेल्या.

चेष्टा पुरे. डाव्या हाताची डायलिसिसच्या सुया टोचायची पहिली शीर गेली, ही दुसरी चालू आहे. दिवाळीपर्यंत टिकेल असं डॉक्टर म्हणाले, तेही माझ्याकडे न बघता. तुझ्या भाऊजींना साखर आहे, त्यांचं चालत नाही. मला तुझ्याशिवाय कोणी नाही, आणि नेमका तूच असा.

लोभ आहेच, त्याला मोजमाप नाही. तुझ्या खाण्याला आहे.

तुझी
अक्का


धुळे
७ एप्रिल २०२५

ती. अक्कास,
प्रशीलचा सप्रेम जयभीम.

दहा फेब्रुवारीपासून आजपर्यंत बरोबर आठ आठवडे झाले. साडेसोळाशेच्या वर एक दिवस गेलो नाही. पीठ मी तोलतो, तेल मी मोजून वाटीत काढतो, मगच शिल्पा चूल पेटवते. पहूरला चुडामणच्या पुतणीच्या लग्नात पंगतीत बसून मी काकडी खाल्ली. लोकांना वाटलं की मी रुसलोय. मुलीचा बाप येऊन माझी समजूत घालून गेला.

आजचं वजन ब्याण्णव किलो नऊशे. आठ आठवड्यांत चारशे ग्रॅम. तुझ्या सातवीच्या गणितात काही चुकलंय का, तेवढं बघ.

लोभ असावा, मी तर आता लोभावरच जगतो.

तुझा
प्रशील


जळगाव
गुरुवार, १० एप्रिल २०२५

चि. प्रशील यास,
अक्काचा जयभीम.

माझं गणित तपासायला निघालास का? तपास. छप्पन्न दिवस, रोजचे चारशे चाळीस, म्हणजे तीन किलो दोनशे उतरायला हवे होते. उतरले चारशे ग्रॅम. दोन किलो आठशे कुठे गेले? त्याला सात हजार सातशेने गुण आणि छप्पन्नने भाग. तीनशे पंच्याऐंशी. रोज तीनशे पंच्याऐंशी कॅलरी तुझ्या तोंडात जातात आणि वहीत जात नाहीत. मला त्यांचं नावही सांगता येईल. स्टँडवरच्या भिकनच्या कँटीनची भजी.

खोटारडा आहेस तू. लहानपणी खाटेखाली बसून गूळ खायचास आणि तोंड पुसून आईसमोर यायचास. आईला, द्रौपदाबाईला, तू फसवलंस, ती साधी होती. मी नाही. तुला द्यायचं नसेल तर तसं सांग, मी रडणार नाही. पण बहिणीच्या हातात सुया टोचलेल्या असताना तिला काकडीच्या गोष्टी लिहून पाठवायला लाज कशी वाटत नाही? मला किळस आली तुझी.

लोभाचं या खेपेला काही लिहीत नाही.

अक्का


धुळे
१६ एप्रिल २०२५

ती. अक्कास,
जयभीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. अक्का, मला द्यायचं आहे.

सोबत आठ आठवड्यांची वही पाठवत आहे. भिकनकडून लेखी आणलं आहे की एक फेब्रुवारीपासून प्रशीलभाऊंनी कँटीनमध्ये बिनसाखरेच्या चहाखेरीज काही घेतलं नाही. खाली त्याची सही आणि कँटीनचा शिक्का आहे. लिहून देताना तो फार हळहळला. चौदा एप्रिलला मिरवणुकीत पोरांनी सरबत पुढे केलं, तेही मी हात जोडून परत दिलं.

मला भुकेचा त्रास नाही, हे खरं सांगतो. उलट शिल्पाने या जेवणाची अशी काही चव जमवली आहे की बिनफोडणीचं वरणसुद्धा मी वाटी पुसून खातो. तिची कळण्याची भाकरी दुपारी दोनला डबा उघडतो तेव्हाही मऊ असते, चुडामण रोज अर्धी मागतो, मी देत नाही. एकच कटकट आहे. डबा मी स्टँडच्या नळावर धुतो, आणि साध्या पाण्याने तो निघतच नाही. ओशटपणा जात नाही, दोनदा पावडर लावावी लागते. ते असो. मी खोटारडा नाही, एवढंच.

लोभ असावा. नसेल तर तसं लिहू नकोस.

प्रशील


जळगाव
सोमवार, २१ एप्रिल २०२५

सौ. शिल्पा हिस,
पंचशीलाअक्काचा जयभीम.

तुला हे माझं पहिलंच पत्र. ते कशाबद्दल आहे ते पाकीट हातात घेताच तू ओळखलं असशील. प्रशीलला दाखवू नकोस.

कोरडी कळण्याची भाकरी दुपारी दोनपर्यंत मऊ राहत नाही. आपल्या भागातल्या कुठल्याही बाईची राहत नाही. ती वातडते, कडा उभ्या राहतात. मऊ राहते ती तूप घालून मळलेली. बिनफोडणीच्या वरणाचा डबा ओशट होत नाही. माझ्या भावाला हे कळलं नाही, कारण त्याला समोर येईल ते खाण्यापलीकडे काही कळत नाही. रोजच्या तीनशे पंच्याऐंशी कॅलरींना नऊने भागलं तर त्रेचाळीस ग्रॅम तूप होतं. तीन मोठे चमचे. तुझी आई सोनगीरहून म्हशीचं तूप पाठवते, ते मला माहीत आहे.

वा गं! नवरा पीठ तोलतो, तेल मोजतो, लग्नाच्या पंगतीत काकडी चावतो, आणि बायको पाठ फिरली की परातीत तूप ओतते. तुला मी साधी समजत होते. साधी कसली, आतल्या गाठीची आहेस. माझ्या मरणावर उठायचं होतं तर तोंडावर म्हणायचं होतंस. तुपाचा चमचा हातात धरून मागून वार करण्याला काय म्हणतात ते मी कागदावर लिहीत नाही.

उत्तर पाठव, कारण सांग. तुझ्याजवळ असेल तर.

पंचशीला


धुळे
२६ एप्रिल २०२५

ती. अक्कांस,
शिल्पाचा जयभीम.

हो, मी घातलं. एक चमचा भाकरीच्या पिठात, दोन वरणात घोटून. तुमचं गणित चमच्याएवढंही चुकलं नाही.

आता कारण ऐका. जानेवारीत नाशिकहून आल्यावर आपल्याकडे सगळे बसले होते. तुम्ही, भाऊजी, हे, चुलत दीर. कोण देणार, कधी देणार, खर्च कसा करायचा, रजा किती घ्यायची, सगळं ठरलं. मी आत चहा करत होते. नऊ कप. कोणी आत येऊन म्हणालं नाही की शिल्पा, तुझ्या नवऱ्याचं पोट फाडणार आहेत, तुला काय वाटतं. तुम्ही पण नाही. तुम्ही चहात साखर जास्त पडल्याचं तेवढं सांगितलंत. माझ्या वडिलांना हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला नेलं होतं. चालत गेले, पिशवी स्वतः धरून. आणलं ते झाकून. मी तेव्हा मृणालीएवढी होते.

यांना मी दोनदा म्हटलं की मला भीती वाटते. दोन्ही वेळा ते हसले आणि म्हणाले की अक्काला कळलं तर ती तुला फळ्यासमोर उभी करेल. मग मी बोलणं सोडलं. वजन उतरलं नाही तर कोणाला नाही म्हणावं लागणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात आलं. पाप आहे ते मला कळतं. तुमची पत्रं हे मोठ्याने वाचून हसतात. मी ऐकते, आणि तुमच्या हाताचं ऐकते तेव्हा मला झोप लागत नाही. तरी सकाळी परत चमचा हातात घेते.

तुम्ही मला लग्नापासून कमीच लेखलंत, बारावी नापास म्हणून. मला गणित येत नाही, अक्का. पण माझा एकच माणूस आहे, आणि एकातून एक गेला की काय उरतं तेवढं मला येतं.

यांना सांगायचं तर सांगा. लोभ मागत नाही, तो मला कधी मिळाला नाही.

शिल्पा


जळगाव
गुरुवार, १ मे २०२५

चि. सौ. शिल्पा हिस,
अक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून मी तीन उत्तरं लिहिली आणि फाडली. तिन्हींत मी तुला शिकवत होते. एकतीस वर्षांची खोड, लवकर जात नाही.

बैठकीत तुला विचारलं नाही ही चूक झाली. ती भाऊजींची नाही, प्रशीलची नाही, माझी. सर्वांत मोठी मी, आजार माझा, आणि विचारायचं मीच होतं. चहात साखर जास्त आहे असं मी म्हणाले तेही मला आठवतं. मूर्ख बाई आहे मी. दुसऱ्याच्या घरातला कर्ता माणूस मागायला आले होते आणि चहाला नावं ठेवली. प्रशीलला मी खोटारडा म्हटलं, किळस आली म्हटलं, त्याला दाखवायला तर तोंडच नाही मला.

आणि तू विचारलं नाहीस तरी सांगते. मलाही भीती वाटते. खुर्चीत बसून मी जगाला नावं ठेवते ती त्यामुळेच. गप्प बसले की यंत्राचा आवाज येतो.

तुझ्या वडिलांचं वाचून मी नाशिकच्या डॉक्टरांना फोन केला. बारा मेला दुपारी साडेबाराला त्यांनी वेळ दिली आहे, ती तुझी. प्रशील सोबत आला तर त्याला बाहेर बसव. देणाऱ्याला काय होतं, किती जण दगावतात, एका मूत्रपिंडावर माणूस किती वर्षं जगतो, सगळं तू विचार. कागदावर लिहून ने. त्यांनी घाई केली तर खुर्चीवरून उठू नकोस. मी उत्तर सांगणार नाही, कारण मला हवं तेच मी सांगेन.

त्यानंतर तूप घाल किंवा घालू नकोस. प्रशीलला मी अवाक्षर सांगणार नाही, आज नाही, पुढे नाही. ऑगस्टमध्ये वजन उतरलेलं नसलं तर मी सगळ्यांना सांगेन की माझा भाऊ खादाड आहे. कोणाला नवल वाटणार नाही. तुझ्याकडे कोणी बोट दाखवणार नाही, तेवढं मी बघते.

मृणालीचा निकाल लागला की कळव. तुझ्यावर लोभ आहे. उशिरा लिहिते आहे, पण आहे.

तुझी
अक्का


धुळे
१९ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,
तुझ्या खोटारड्या भावाचा सप्रेम जयभीम.

काल रात्री आकडा ऐकताच तू फोन ठेवलास, म्हणून सविस्तर लिहितो. चौऱ्याऐंशी किलो सहाशे! आता रक्त पुन्हा तपासतील, अवयवदानाच्या समितीसमोर बसवतील, आणि सगळं सुरळीत झालं तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले की दिवाळीची वाट बघायला नको.

आता माझी पाळी. तू मला काय काय म्हटलंस ते सगळं माझ्याजवळ लेखी आहे. मी तेव्हाही साडेसोळाशेच खात होतो आणि नंतरही साडेसोळाशेच. एप्रिलपर्यंत ढिम्म हललं नाही आणि मेच्या मध्यापासून जे उतरायला लागलं ते थांबेचना. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले की प्रत्येक शरीराचं वेगळं असतं. म्हणजे तुझ्या गणिताला शरीर कळत नाही, हे तू एकदाचं मान्य कर. तेरा मेपासून शिल्पा रोज पहाटे पाचला मला उठवते आणि स्वतः सोबत चालते. पांझरेच्या काठाने जायचं आणि यायचं. पहिल्या आठवड्यात तिचे पाय सुजले, तरी खाडा केला नाही. हे तिच्या डोक्यात कुठून आलं ते विचारलं तर सांगत नाही. आदल्या दिवशी नाशिकला डॉक्टरांकडे ती एकटीच आत गेली आणि पाऊण तासाने बाहेर आली. काय बोलणं झालं तेही सांगितलं नाही. फक्त म्हणाली की उद्यापासून चालायचं.

काल काट्यावर मी चप्पल काढली, पट्टा काढला, खिशातल्या किल्ल्या काढल्या. आकडा आला तेव्हा शिल्पाने नर्सबाईंना पुन्हा एकदा करायला लावलं. तोच आला. मग ती बाहेर जाऊन बाकावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी म्हटलं की अगं वेडे, रडतेस काय, जमलं आपल्याला. ती म्हणाली की हो, जमलं. नंतर तिने माझा हात धरला तो धुळ्याची गाडी लागेपर्यंत सोडला नाही, आणि गाडीतही सोडला नाही. चार माणसांत असा हात धरणारी ती नव्हे, तुला माहीत आहे.

कळावे. माझ्यावर लोभ नसला तरी चालेल, मला तुझी सवय आहे. शिल्पावर असू दे.

तुझा
प्रशील